सामूहिक सुंता : किती परिणामकारक, किती सुरक्षित?

एड्सचे प्रकरण शिकवून झाले, की 'आता प्रश्न विचारा' म्हणावे आणि वर्गात चिडीचूप शांतता पसरावी, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असेल. पनवेल परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्हांला मात्र एका मुलाने उभे राहून सरळ विचारले, "सर, सुंता केली की एड्सचा धोका साठ टक्के कमी होतो असे वाचले. मग सरकार सगळ्यांसाठी शिबिरे का घेत नाही?" मागच्या बाकांवर हशा पिकला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. वाचलेल्या आकड्यावर त्या मुलाने विचार केला होता आणि त्यातून निघणारा पुढचा टप्पा त्याने आमच्यासमोर मांडला होता. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अर्धवट होते. उरलेले उत्तर येथे देत आहोत.

पनवेलमध्ये हा विषय परका नाही. गावात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १८४९ साली बांधलेले बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. कुलाबा जिल्ह्यात 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाणारा हा समाज जन्मानंतर आठव्या दिवशी मुलाची सुंता करीत आला. दुसऱ्या बाजूला मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा हे दोन महामार्ग येथेच फुटतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात देशभरचे ट्रक येऊन थांबतात. त्यामुळे एड्स प्रतिबंधाची चर्चा येथे गेल्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. म्हणजे प्रश्नाचे दोन्ही भाग, सुंता आणि एड्स, आमच्या गावाच्या ओळखीचे आहेत. त्यांना जोडणारा तिसरा शब्द 'शिबिर' हा आहे आणि खरी अडचण त्या शब्दात आहे.

दाव्यामागचा पुरावा

आधी दाव्याची बाजू नीट मांडू. सुंता झालेल्या पुरुषांत एचआयव्हीची बाधा कमी आढळते, असे अनेक ठिकाणी दिसत होते. आपल्याकडचा या विषयावरचा महत्त्वाचा अभ्यास पुण्याचा आहे. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ बाधा नसलेल्या पुरुषांवर १९९३ ते २००० या काळात लक्ष ठेवले. निष्कर्ष २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुंता झालेल्यांना बाधा होण्याचा धोका इतरांच्या मानाने ०.१५ पट, म्हणजे ८५ टक्क्यांनी कमी आढळला.

हा आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्याच्या शेजारचा आकडाही वाचला पाहिजे. सुंता झालेले पुरुष या गटात दहा टक्क्यांहूनही कमी होते. त्यांच्यातील बाधितांची संख्या अगदीच थोडी असल्यामुळे अनुमानाची मर्यादा फार रुंद झाली. खरे संरक्षण सुमारे ३८ टक्के असू शकेल, तसेच ९६ टक्केही असू शकेल, एवढेच त्यातून म्हणता येते. शिवाय आपल्या देशात सुंता ही बहुतांशी धर्माने ठरते. धर्माबरोबर लग्नाचे वय, वस्ती, स्थलांतर, मद्यपान अशा कितीतरी गोष्टी बदलतात. फरक कातडीमुळे पडला की राहणीमुळे, हे नुसत्या निरीक्षणातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. संशोधकांनाही याची जाणीव होती. सुंतेचा सिफिलिस, गोनोऱ्हिया यांच्यावर परिणाम दिसला नाही, फक्त एचआयव्हीवर दिसला, म्हणजे कारण केवळ वर्तनाचे नसावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो विचारार्ह आहे, पण पुरेसा नाही.

निर्णायक पुरावा आफ्रिकेतून आला. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म, केनियातील किसुमू आणि युगांडातील राकाई येथे चिठ्ठ्या टाकून पुरुषांचे दोन गट पाडले गेले. एका गटाची सुंता लगेच केली, दुसऱ्याला थांबण्यास सांगितले. अशी विभागणी केली की धर्म, राहणी, सवयी या गोष्टी दोन्ही गटांत सारख्याच वाटल्या जातात. तिन्ही ठिकाणचे निकाल असे होते : ऑरेंज फार्ममध्ये ३,२७४ पुरुषांपैकी सुंता गटात २० आणि दुसऱ्या गटात ४९ नव्या बाधा, किसुमूला २,७८४ पुरुषांत २२ आणि ४७, राकाईला ४,९९६ पुरुषांत २२ आणि ४५. तीन देशांत, तीन वेगळ्या पथकांनी काढलेले निष्कर्ष एकाच दिशेने जातात, तेव्हा ते मान्य करावे लागतात. पुरुषाला स्त्रीकडून होणाऱ्या बाधेचा धोका सुंतेमुळे निम्म्याने किंवा त्याहून थोडा अधिक कमी होतो, याविषयी आता वाजवी शंका उरलेली नाही.

मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाची शिफारस केली. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील पंधरा देशांत मिळून २०२२ अखेरपर्यंत सुमारे साडेतीन कोटी पुरुषांची व मुलांची सुंता झाली. निरोगी माणसांवर, रोग टाळण्यासाठी, इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेली शस्त्रक्रिया विरळाच.

'साठ टक्के' कशाचे?

आता आमच्या विद्यार्थ्याचा 'साठ टक्के' घेऊ. टक्केवारी नेहमी कशाची तरी असते. किसुमूच्या चाचणीत दोन वर्षांत सुंता न झालेल्यांपैकी ४.२ टक्क्यांना आणि झालेल्यांपैकी २.१ टक्क्यांना बाधा झाली. म्हणजे एक लाख पुरुषांची सुंता केली, तर दोन वर्षांत सुमारे २,१०० बाधा टळतील. त्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते आणि त्या सर्व बऱ्या झाल्या. एक लाखात या १,५०० होतील. एका पारड्यात आयुष्यभराचा २,१०० जणांचा आजार, दुसऱ्यात बऱ्या होणाऱ्या १,५०० जखमा. वर्षे जातील तसे पहिले पारडे जड होत जाणार. किसुमूसारख्या ठिकाणी हा उपाय शहाणपणाचा ठरतो.

तेच गणित भारताला लावू. आपल्याकडे प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या घरात आहे आणि वर्षाकाठी नव्या बाधा लाखात सुमारे पाच होतात. प्रौढ पुरुषांसाठी हा आकडा दुप्पट धरला, तरी दोन वर्षांत लाखामागे वीस बाधा होतील. त्या निम्म्या झाल्या तर दहा टळतील. गुंतागुंती मात्र १,५०० त्या १,५००च राहतील, कारण त्या रोगाच्या प्रमाणावर ठरत नाहीत, शस्त्रक्रियांच्या संख्येवर ठरतात. संरक्षण आयुष्यभर टिकते, म्हणून तीस वर्षांचा हिशेब केला तरी दीडशेच्या आसपास बाधा टळतील. सापेक्ष घट तीच, निम्मी. पण पारडे उलटे झाले. ज्यांना वैयक्तिक धोका अधिक आहे अशा एखाद्याने डॉक्टरांशी बोलून निर्णय घेणे वेगळे, सरसकट सगळ्यांची शिबिरे घेणे वेगळे. भारताने हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला नाही, त्याचे मुख्य कारण या गणितात आहे.

एक गोष्ट आणखी. सुंता झालेल्या बाधित पुरुषाकडून स्त्रीला होणारी बाधा कमी होते, असे आढळले नाही. राकाईत त्यासाठी केलेली स्वतंत्र चाचणी काही उपयोग दिसत नाही म्हणून मध्येच थांबवण्यात आली. तेव्हा 'सुंता झाली, आता निरोधची गरज नाही' हा समज पसरला तर त्याची किंमत घरातल्या बाईला मोजावी लागेल.

चाचणीतले टेबल आणि गावातले टेबल

वरच्या हिशेबात आम्ही गुंतागुंतीचे प्रमाण दीड टक्का धरले. आमची मुख्य टीका येथे आहे. हा आकडा चाचणीतला आहे. तिन्ही चाचण्यांत तो साधारण दीड ते चार टक्के होता. चाचणीत खास प्रशिक्षण घेतलेले हात असतात, उपकरणे निर्जंतुक असतात, माणूस शस्त्रक्रियेनंतर ठरल्या दिवशी तपासणीला येतो आणि आला नाही तर कोणीतरी त्याला शोधायला जाते. हे सारे काढून घेतले की काय होते?

केनियाच्याच बुंगोमा जिल्ह्यात हे पाहिले गेले. तेथील समाजात सुंतेची प्रथा आहे. एक हजारावर मुलांची व तरुणांची माहिती गोळा करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पारंपरिक पद्धतीने सुंता झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांना गुंतागुंत झाली होती. दवाखान्यात झालेल्यांपैकी १७.७ टक्क्यांना. पहिल्या आकड्याचे फारसे नवल वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात दीक्षाविधीच्या सुंतेत गेल्या काही दशकांत शेकडो मुले दगावली आहेत. नवल दुसऱ्या आकड्याचे वाटावे. हे दवाखानेच होते, डॉक्टर-परिचारकांनीच केलेल्या शस्त्रक्रिया होत्या. तरी जवळजवळ सहांतल्या एकाला रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा न भरणारी जखम यांपैकी काहीतरी झाले. चाचण्या आणि हा अभ्यास यांचे मोजमाप तंतोतंत सारखे नाही, पण फरक व्याख्येने भरून निघावा इतका लहानही नाही.

या धड्याचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. मोठ्या कार्यक्रमांत एकदाच वापरायच्या हत्यारांचे बांधीव संच आले, परिचारकांना पद्धतशीर शिक्षण मिळाले, आणि अहवालांतील मध्यम व गंभीर गुंतागुंती दोन टक्क्यांच्या आत आल्या. पण अहवालातला आकडा वाचताना एक प्रश्न विचारायचा असतो : जे परत आलेच नाहीत त्यांना कोठे मोजले? परत न येणारा माणूस बरा झाला म्हणून आला नाही, की दूरच्या गावी आजारी पडून आहे, हे वहीवरून कळत नाही. झिंबाब्वेमध्ये मोबाईलवर संदेश पाठवून शस्त्रक्रिया झालेल्यांची रोज विचारपूस केली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक गुंतागुंती नोंदल्या गेल्या. विचारणाऱ्यालाच त्या कळतात.

येथे पैशाचाही प्रश्न येतो. हे कार्यक्रम बव्हंशी परदेशी, विशेषतः अमेरिकी, मदतीवर चालत. २०२५च्या आरंभी ती मदत अचानक रोखली गेली तेव्हा सुंतेची कामेही ठिकठिकाणी थबकली. शस्त्रक्रिया वीस-तीस मिनिटांची, पण जखम भरायला सहा आठवडे लागतात. त्या सहा आठवड्यांची जबाबदारी घेणारी व्यवस्था दूरच्या तिजोरीवर अवलंबून ठेवणे ही सुरक्षिततेचीच त्रुटी आहे.

धनुर्वाताचा धडा

शस्त्रक्रिया सोपी करण्याच्या प्रयत्नातून काय घडू शकते, याचे उदाहरण जीवशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे. इंजेक्शन नको, टाका नको, रक्त नको, परिचारिकाही बसवू शकेल असे 'प्रीपेक्स' नावाचे साधन आले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. रबरी कड्याने अग्रत्वचा आवळून ठेवायची, रक्तपुरवठा तुटून ती मरते, सुमारे आठवड्याने कापून काढायची. कमी साधनांच्या मुलखासाठी याहून सोयीचे काय असेल?

पण आठवडाभर शरीरावर राहणारी मृत पेशींची ती कड जंतूंच्या दृष्टीने काय आहे? धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, मातीत आणि शेणात बीजाणुरूपाने असतो. त्याला वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. रक्तपुरवठा तुटलेल्या मृत ऊतीत त्याला नेमके तेच मिळते. काही ठिकाणी तर जखमेवर शेणासारखे घरगुती लेप लावले जात. धनुर्वाताचे रुग्ण आढळू लागले, काही दगावले. नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतरही असे रुग्ण झाले, पण या साधनाबरोबर धोका अधिक होता. धनुर्वाताची लस टोचून पुरेसे संरक्षण झाल्याखेरीज हे साधन वापरू नये, असे संघटनेला २०१६ मध्ये सांगावे लागले. मग लस घेण्यासाठी आधी यायचे, काही आठवड्यांनी साधन बसवायला यायचे, पुन्हा ते काढायला यायचे. सोय म्हणून आणलेल्या साधनाची सोयच संपली.

पुरुषांना ही लस मिळालेली का नव्हती, हा प्रश्न अधिक खोल आहे. नवजात बालकांचा धनुर्वात टाळण्यासाठी गरोदर स्त्रियांना लस दिली जाई. लहानपणीच्या लसीचा परिणाम ओसरल्यावर मुलग्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते. आपल्याकडे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत टोचतात त्या सुईचे मोल यावरून कळावे.

मुले, सुट्टी आणि शाळा

आफ्रिकेतील कार्यक्रमांत शिक्षकांनी विशेष पाहावे असे एक अंग आहे. चाचण्या प्रौढ पुरुषांवर झाल्या. कार्यक्रमात मात्र दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हिस्सा फार मोठा होता. कारण उघड आहे. प्रौढ पुरुषाला कामावरची रजा परवडत नाही, दुखण्याची भीती वाटते. मुले शाळेत एकत्र सापडतात, सुट्टीत मोकळी असतात, मित्राबरोबर येतात. लक्ष्य गाठायचे असेल तर ती सोपी पडतात. शाळेच्या सुट्ट्या हाच हंगाम ठरला.

पण लहान मुलाचे शरीर म्हणजे प्रौढाची छोटी आवृत्ती नव्हे. या वयात अग्रत्वचा पुष्कळदा आतील भागाला चिकटलेली असते. चिमट्याने ती पुढे ओढून कापण्याची जी झटपट पद्धत प्रौढांसाठी चालते, तीत लहान मुलाच्या शिश्नमुंडाला इजा होऊ शकते. मूत्रमार्गाला छिद्र पडण्याचे प्रकारही लहान वयातच अधिक आढळले. म्हणून पंधरा वर्षांखालील मुलांसाठी ती पद्धत वर्ज्य ठरली, आणि २०२०च्या सुमारास मोठ्या कार्यक्रमांनी किमान वयच पंधरावर नेले. या इजा संख्येने थोड्या होत्या हे खरे. पण ज्या मुलाला रोगाचा धोका आणखी चार-पाच वर्षे नव्हताच, त्याला ती इजा वाट पाहिली असती तर टाळता आली असती. शिवाय स्वतःच्या शरीराविषयी होकार किंवा नकार देण्याइतका तो मोठाही झाला असता.

आपल्या शिबिरांची आठवण

'शिबिर' हा शब्द आपल्याकडे पुण्याईचा मानला जातो. त्यामागे डोळ्यांच्या आणि रक्तदानाच्या शिबिरांनी मिळवलेली प्रतिष्ठा आहे. पण पुरुषांवरील सामूहिक शस्त्रक्रियेचा जगातील फार मोठा अनुभव आपल्या देशाच्याच पदरी आहे आणि तो विसरणे परवडणारे नाही.

१९६०च्या दशकाअखेरीस मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे होती. १९७१ मध्ये केरळातील एर्नाकुलमच्या एका महिन्याच्या शिबिरात सुमारे ६३ हजार शस्त्रक्रिया झाल्या. त्या शिबिराची व्यवस्था चांगली होती आणि त्याची वाखाणणी झाली. मग तेच प्रारूप इतरत्र नेले गेले. संख्या नेली, व्यवस्था राहून गेली. उत्तर प्रदेशात गोरखपूरला शिबिरानंतर धनुर्वाताने माणसे मेली. पुढे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शाह आयोगाने त्यांच्याशी संबंधित १,७७४ मृत्यू नोंदवले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या काळी देशाच्या अनेक भागांत शिक्षकांना 'केसेस' आणण्याचे लक्ष्य दिले जाई. आपल्यातील वयस्क सहकाऱ्यांना ते आठवत असेल.

हे जुने झाले म्हणावे, तर नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी किमान १३ जणी दगावल्या. एका पथकाने दिवसाला तीसपेक्षा अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, असा नियम तेव्हाही होता. मृत्यू जंतुसंसर्गाने झाले की नंतर दिलेल्या गोळ्यांमुळे, यावर वाद झाला. आमच्या दृष्टीने दोन्ही कारणे एकाच घरची आहेत. घाईत ना हत्यार तपासले जाते, ना औषध. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

मग उत्तर काय?

आमच्या विद्यार्थ्याला आता असे सांगता येईल. सुंतेने धोका कमी होतो, हे खरे. तो किती माणसांचा कमी होतो, हे मुळात धोका किती आहे यावर ठरते. शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. कोणाच्या हातून, कोणत्या वयात, किती घाईत, आणि नंतर कोण विचारणार, हे जोडल्यावर तो पूर्ण होतो. आफ्रिकेच्या काही भागांत काळजीने केलेल्या कार्यक्रमाने भले झाले. आपल्याकडे सरसकट शिबिरे घेतल्यास नुकसान अधिक होईल.

ज्या समाजांत सुंता ही परंपरा आहे, त्यांच्यावर ही टीका नाही. त्यांच्याकडून उलट एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पनवेलच्या प्रार्थनामंदिरात ज्या परंपरेचे पालन होते, तिच्या तल्मूद या ग्रंथात दुसऱ्या शतकातील धर्माचार्यांचे मत नोंदलेले आहे. एकाच आईची दोन मुले सुंतेनंतर रक्तस्रावाने दगावली असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये. हिमोफिलिया हा शब्द आणि त्याची जनुके माहीत व्हायला सतरा-अठरा शतके होती, तरी आजार आईकडून मुलांकडे येतो हे निरीक्षणाने ओळखले होते, आणि त्यापुढे धर्माज्ञाही थांबवली होती.

आनुवंशिकता शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे आणि मुलांना एक हिशेब करायला लावावा. दिवसाला ऐंशी शस्त्रक्रिया आणि कामाचे सहा तास, तर एकेका माणसाच्या वाट्याला किती मिनिटे येतील? उत्तर साडेचार येते. या साडेचार मिनिटांत 'तुझ्या भावाला काय झाले होते?' हे विचारायला कोणाला सवड मिळेल का, हे मुलांनाच ठरवू द्यावे.